झेंड्यासमोर हात कपाळाला न्यायचा की नाही?

आमच्या सोसायटीत दर पंधरा ऑगस्टला सकाळी एक ठरलेला गोंधळ होतो. दोरी ओढली जाते, गाठ सुटते, पाकळ्या डोक्यावर पडतात, आणि राष्ट्रगीत सुरू व्हायच्या आधीच्या दोन-तीन सेकंदांत सगळे डोळ्यांच्या कोपऱ्यातून शेजाऱ्याकडे बघतात. कुणाचा हात कपाळाला, कुणाचा छातीवर, कुणी चक्क हात जोडलेले. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त सुभेदार काका खाडकन सॅल्यूट ठोकतात, आणि त्यांचं बघून निम्मी मंडळी आपापले हात वर नेतात. माझ्यासारखे उरलेले हात खाली ठेवून सरळ उभे राहतात आणि मनातून जरा ओशाळतात. दुपारी ग्रुपवर फोटो आले की कुणीतरी लिहितंच, "काही जणांना सलामी द्यायची लाज वाटते वाटतं."

हा वाद फक्त सोसायट्यांमधला नाही. २६ जानेवारी २०१५ ला दिल्लीच्या संचलनात राष्ट्रपती प्रणव मुखर्जी सलामी घेत होते. पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांचेही हात कपाळाला होते. उपराष्ट्रपती हमीद अन्सारी मात्र हात बाजूला ठेवून उभे होते. त्या एका फोटोवरून दिवसभर अन्सारींवर टीकेची झोड उठली, अगदी देशप्रेमापर्यंत गोष्ट गेली. त्या दिवशीचे प्रमुख पाहुणे बराक ओबामा हेही तसेच उभे होते, पण ते कुणी मनावर घेतलं नाही. शेवटी उपराष्ट्रपतींच्या कार्यालयाला खुलासा करावा लागला: संचलनाची सलामी राष्ट्रपती घेतात, कारण ते तिन्ही दलांचे सर्वोच्च सेनापती असतात. उपराष्ट्रपतींनी सावधान स्थितीत उभं राहायचं असतं.

टीका करणाऱ्यांनी नियम वाचला असता, तर त्यांना दोन मिनिटंसुद्धा लागली नसती.

नियम इतका छोटा आहे

तिरंग्याबद्दलचे नियम, प्रथा आणि सूचना केंद्र सरकारने एका ठिकाणी बांधून ठेवल्या आहेत. त्या संचाला 'भारतीय ध्वजसंहिता' म्हणतात. ती २६ जानेवारी २००२ पासून लागू आहे. झेंडा केवढा असावा, कुठे लावावा, कसा उतरवावा, असं सगळं तिच्यात आहे, आणि सलामीबद्दलही एक छोटा परिच्छेद आहे. तो सांगतो असं: झेंडा चढवताना, उतरवताना किंवा संचलनात तो समोरून जात असताना हजर असलेल्या सगळ्यांनी झेंड्याकडे तोंड करून सावधान उभं राहावं. जे गणवेशात आहेत त्यांनी आपापल्या रीतीप्रमाणे सलामी द्यावी.

यात 'सगळ्यांनी' करायची गोष्ट एक आहे, आणि गणवेशातल्यांनी करायची दुसरी. सैनिक, पोलीस, एनसीसीचे छात्र यांच्यासाठी सलामी आहे. आपण साध्या कपड्यांत असलो तर तोंड झेंड्याकडे, शरीर ताठ, हात बाजूला. संचलनात झेंडा पुढे सरकत असेल, तर तो आपल्या समोरून जाताना सावधान राहावं किंवा सलामी द्यावी, एवढी मुभा संहिता देते.

देवळातल्या आरतीचं उदाहरण घ्या. ताम्हन एकाच्याच हातात असतं. बाकीचे टाळ्या वाजवतात, हात जोडतात, नुसते उभेही राहतात. ज्याच्या हातात ताम्हन नाही त्याची भक्ती कमी, असं कुणी म्हणत नाही. गणवेशातली सलामी ही तशी नेमून दिलेली कामगिरी आहे. पोलिसाने किंवा जवानाने ती दिली नाही तर शिस्तीचा प्रश्न येतो. आपण दिली नाही तर काहीच प्रश्न येत नाही.

सावधान म्हणजे नुसतं उभं राहणं नव्हे

हात वर न्यायचा नाही म्हटल्यावर पुष्कळांना वाटतं, मग करायचं तरी काय? नुसतं उभं तर आपण बसथांब्यावरही राहतो.

खरी मेख तिथेच आहे. टाचा जुळलेल्या, पाठ सरळ, हात मांडीला लागलेले, नजर समोर, तोंड बंद. खिशात हात नाही, फोन कानाला नाही, शेजाऱ्याशी कुजबुज नाही. हे बावन्न सेकंद करून बघा, म्हणजे हात कपाळाला नेणं त्यापेक्षा किती सोपं आहे ते कळेल. मी सोसायटीतल्या फोटोंत बारकाईने पाहिलंय. कपाळाला उजवा हात लावलेल्यांपैकी दोघांच्या डाव्या हातात मोबाइल होता, आणि त्यावर चित्रण चालू होतं.

शब्दही मजेदार आहे. सावधान म्हणजे अवधानासह, लक्ष देऊन. तोच शब्द आपण मंगलाष्टकांच्या शेवटी ऐकतो. समर्थ रामदास तो ऐकून बोहल्यावरून निघून गेले असं म्हणतात. शब्दाचा अर्थ इतक्या गांभीर्याने घेणारं दुसरं कुणी मला तरी माहीत नाही. झेंड्यापुढे आपल्याकडून अपेक्षा आहे ती या अवधानाची.

मग शाळेत आपण सलामी का देत होतो?

हा आक्षेप रास्त आहे. 'परेड, सावधान! राष्ट्रध्वज को सलामी दो!' ही आरोळी ज्याच्या कानात नाही असा महाराष्ट्रातल्या शाळेत शिकलेला माणूस सापडणार नाही. मराठी शाळेत हा हुकूम हिंदीत का, हे कोडं आम्हाला तेव्हाही सुटलं नाही.

शाळांसाठी ध्वजसंहितेत वेगळा भाग आहे आणि तो चांगला तपशीलवार आहे. विद्यार्थ्यांनी चौकोनाच्या तीन बाजूंना उभं राहायचं, चौथ्या बाजूच्या मध्यावर ध्वजस्तंभ. मुख्याध्यापक, विद्यार्थ्यांचा प्रमुख आणि झेंडा फडकावणारी व्यक्ती यांनी स्तंभाच्या मागे तीन पावलांवर थांबायचं. झेंडा उलगडला की हुकमावर सलामी. ती थोडा वेळ धरून ठेवायची, पुढच्या हुकमाला हात खाली. त्यानंतर राष्ट्रगीत, आणि राष्ट्रगीत चालू असताना सगळी रांग सावधान.

म्हणजे शाळेतली सलामी ही कवायतीचा भाग आहे. मुलं गणवेशात असतात, रांगेत असतात, हुकूम देणारा कुणीतरी असतो. आणि तिथेसुद्धा राष्ट्रगीताच्या वेळी हात खालीच असतो. शाळा सुटली, गणवेश गेला, रांग गेली, हुकूम देणारा पीटीचा शिक्षक गेला. हाताची सवय तेवढी राहिली. पुढे ती राष्ट्रगीतभर ताणली गेली, ते मात्र आपलं आपण वाढवलेलं आहे.

छातीवर हात ठेवायची गोष्ट तर बाहेरून आलेली. अमेरिकेत साध्या कपड्यांतला नागरिक झेंड्यापुढे उजवा हात हृदयावर ठेवतो, तिथल्या ध्वजनियमांतच तसं आहे. त्याआधी तिथली शाळकरी मुलं झेंड्याकडे हात लांब करून प्रतिज्ञा म्हणत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते नाझी सलामीसारखं दिसू लागलं, म्हणून १९४२ मध्ये हात छातीवर आला. आपल्या संहितेत या पद्धतीचा उल्लेख नाही. आपल्याकडे ती सिनेमे आणि क्रीडास्पर्धा पाहून रुजली असावी, असा माझा अंदाज.

साध्या कपड्यांत सलामी दिली, तर तो गुन्हा?

नाही. सुभेदार काकांनी हात वर नेला म्हणून त्यांना कुणी हटकणार नाही, हटकूही नये. तीस वर्षांची सवय खांद्यातून जात नाही. छातीवर हात ठेवणाऱ्या कॉलेजच्या पोरीलाही कुणी बोलायचं कारण नाही. नियमात सांगितलेली नाही अशी प्रत्येक गोष्ट मनाई केलेली नसते. मुद्दा उलट बाजूचा आहे: हात वर न नेणाऱ्याकडे बोट दाखवता येत नाही.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. ध्वजसंहिता म्हणजे शिस्त. झेंड्याचा अपमान केल्यास शिक्षा होते ती वेगळ्या कायद्याने, त्याचं नाव राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंध अधिनियम, १९७१. सार्वजनिक ठिकाणी किंवा लोकांच्या नजरेसमोर झेंडा जाळणं, फाडणं, विद्रूप करणं, तुडवणं, शब्दाने किंवा कृतीने त्याची अवहेलना करणं, यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. या कायद्यात 'सलामी दिली नाही' असा गुन्हा शोधून सापडत नाही.

संहिता आणि कायदा यांचं नातं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००४ मध्ये स्पष्ट केलं. उद्योगपती नवीन जिंदल यांना रायगड इथल्या कारखान्यावर, म्हणजे आपल्या कोकणातल्या नव्हे तर छत्तीसगडच्या रायगडमध्ये, तिरंगा लावायला अधिकाऱ्यांनी हरकत घेतली होती. आजच्या मुलांना हे खरं वाटणार नाही, पण त्या काळी सामान्य नागरिकाला ठरावीक दिवस सोडले तर झेंडा लावता येत नसे. प्रकरण आधी दिल्ली उच्च न्यायालयात, मग सर्वोच्च न्यायालयात गेलं. निकाल असा: सन्मानाने तिरंगा फडकावणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येणारा मूलभूत हक्क आहे, आणि त्यावर वाजवी बंधनं घालता येतात. ध्वजसंहिता स्वतः कायदा नव्हे; पण १९७१ चा अधिनियम आणि बोधचिन्हांच्या गैरवापराविरुद्धचा १९५० चा अधिनियम हे कायदे आहेत आणि ते पाळावेच लागतात.

राष्ट्रगीत म्हटलंच नाही तर?

झेंड्याच्या पाठोपाठ हा प्रश्न येतोच. केरळमधल्या यहोवाचे साक्षीदार या पंथातल्या तीन भावंडांना शाळेतून काढून टाकलं होतं, कारण ती राष्ट्रगीताला उभी राहायची पण गायची नाहीत. त्यांच्या श्रद्धेत ते बसत नव्हतं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. आदराने उभं राहिल्यावर न गाणं हा अपमान होत नाही, असं न्यायालय म्हणालं. चाळीस वर्षांपूर्वीचा हा निकाल आजच्या व्हॉट्सॲप ग्रुपांनी एकदा वाचायला हरकत नाही.

सिनेमागृहांचं थोडक्यात: नोव्हेंबर २०१६ च्या आदेशाने चित्रपटाआधी राष्ट्रगीत वाजवणं बंधनकारक झालं होतं, जानेवारी २०१८ मध्ये न्यायालयानेच ते ऐच्छिक केलं. वाजलं तर उभं राहायचं. ज्यांना शारीरिक अडचणीमुळे उभं राहता येत नाही, त्यांना सूट आहे. गुडघे धरून बसलेल्या आजींकडे रागाने बघू नका. आणि चित्रपटाच्या कथेतच किंवा माहितीपटात राष्ट्रगीत आलं, तर प्रेक्षकांनी उठणं अपेक्षित नाही. माहितीपटांबद्दल तर गृहमंत्रालयाच्या सूचनांतच तसं लिहिलंय.

झेंडा कुणापुढे झुकत नाही

ध्वजसंहितेतलं मला सगळ्यात आवडणारं वाक्य हे आहे: कुठल्याही व्यक्तीला किंवा वस्तूला मानवंदना म्हणून राष्ट्रध्वज खाली झुकवायचा नाही. सलामीचा सगळा प्रवास एकाच दिशेने होतो. समोर मंत्री असो की राष्ट्रपती, तिरंग्याची काठी वाकत नाही.

"मग अर्ध्यावर उतरवतात ते काय?" हे कुणीतरी विचारणारच. तो दुखवटा, झुकणं नव्हे, आणि तो करण्याची रीत बघितली की फरक लक्षात येतो. झेंडा थेट अर्ध्यावर बांधत नाहीत. आधी तो पार टोकापर्यंत चढवतात, तिथून मग अर्ध्यावर आणतात. संध्याकाळी उतरवतानाही आधी पुन्हा टोकापर्यंत नेतात आणि नंतरच खाली घेतात. जणू दुःखातही आधी पूर्ण उंची गाठायची. प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्यदिन, गांधीजयंती यांसारख्या दिवशी निधनाची बातमी आली, तर ज्या इमारतीत पार्थिव असेल तिथला झेंडा वगळता बाकीचे पूर्ण उंचीवरच राहतात.

पार्थिवावर तिरंगा पांघरण्याचा मान फक्त शासकीय, लष्करी आणि निमलष्करी दलांच्या इतमामातल्या अंत्यविधींना आहे. केशरी पट्टा डोक्याकडे असतो. चितेवर किंवा कबरीत मात्र झेंडा कधीच जात नाही, त्याआधी तो काढून घेतात. गावी जवानाची अंत्ययात्रा पाहिलेल्यांना तो क्षण आठवत असेल: बंदुकांच्या फैरींपेक्षा, दोन जवान चार टोकं धरून झेंडा उचलतात तेव्हाची शांतता जास्त जड असते.

घरावर लावलाय, आता पोटात गोळा आलाय

'हर घर तिरंगा' मोहिमेनंतर हा एक नवाच ताण आलेला दिसतो. लोक झेंडा लावतात आणि मग घाबरून जातात. पावसात भिजला, वाऱ्याने खाली पडला, रात्र झाली, आता काय?

रात्रीचं उत्तर सोपं आहे. पूर्वी सूर्योदय ते सूर्यास्त हीच वेळ होती. जुलै २०२२ मध्ये संहितेत बदल झाला. उघड्यावर किंवा नागरिकाच्या घरावर लावलेला झेंडा आता रात्रंदिवस राहू शकतो. कापडाचं बंधनही डिसेंबर २०२१ मध्ये सैल झालं. हातसुताच्या खादीबरोबर यंत्रावर विणलेलं आणि पॉलिस्टरचं कापडही चालतं. प्लास्टिक चालत नाही. लांबी-रुंदीचं प्रमाण तीनास दोन, हे मात्र पक्कं.

पडला तर? कायद्यात शब्द आहे 'जाणूनबुजून'. जाणूनबुजून जमिनीला टेकू देणं, जाणूनबुजून केशरी रंग खाली ठेवणं, हे वाईट. वाऱ्याने पडला तर उचला, झटका, पुन्हा लावा. आमच्याकडे एका वर्षी दोरी ओढल्यावर हिरवा पट्टा वर निघाला. पहाटे पावसात, टॉर्चच्या उजेडात घडी घातली होती, चुकून उलटी पडली. सेक्रेटरींचा चेहरा पांढराफटक. कुणीतरी ओरडलं, "आता केस होते!" सुभेदार काका पुढे झाले, झेंडा खाली घेतला, नीट बांधला, पुन्हा चढवला. चार मिनिटं लागली. केस झाली नाही, आणि व्हायचं कारणही नव्हतं.

उभा टांगताना मात्र हमखास चूक होते. आडवा लावला तर केशरी वर, हे सगळ्यांना ठाऊक. भिंतीवर किंवा गॅलरीत उभा सोडला तर केशरी कुठे? झेंडा म्हणजे तुमच्याकडे तोंड करून उभा असलेला माणूस समजा. केशरी त्याच्या उजव्या हाताला, म्हणजे बघणाऱ्याच्या डाव्या बाजूला. खोलीत आत उभं राहून गॅलरीबाहेर झेंडा सोडला की डावं-उजवं फिरतं आणि रस्त्यावरून तो चुकीचा दिसतो. खाली उतरून एकदा बघून या.

बाकीचं पटकन: झेंड्यावर काही लिहायचं नाही. त्यात वस्तू गुंडाळायची नाही. अपवाद राष्ट्रीय दिवशी उलगडण्यापूर्वी आत ठेवलेल्या पाकळ्यांचा. काठीवर किंवा तिच्या टोकाला हारतुरे नकोत. गाडीच्या बॉनेटवर, टपावर झेंडा पसरायचा नाही. गाडीवर तिरंगा लावण्याचा मान राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री, न्यायाधीश अशा ठरावीक पदांनाच आहे. २००५ पासून पोशाखावर झेंडा वापरता येतो, पण कमरेच्या वर आणि सन्मानाने. रुमाल, उशी, नॅपकिन, अंतर्वस्त्रं यांवर छापायचा नाही. तिरंगी केक कापला म्हणून झालेली तक्रार मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मोडीत काढली आणि देशप्रेम इतकं ढोबळ मोजू नका, अशा अर्थाची कानउघाडणीही केली.

सोळा ऑगस्टची सकाळ

सलामीवरून जितकं भांडण होतं त्याच्या दहाव्या हिश्शाने जरी या सकाळीवर झालं असतं, तर मी हा लेख लिहिला नसता. सिग्नलपाशी, शाळेच्या फाटकाबाहेर, गटाराच्या जाळीत कागदी झेंडे पडलेले असतात. ज्या टाचा काल जुळल्या होत्या त्याच आज त्यांवरून जातात.

कागदी झेंडे कार्यक्रमानंतर जमिनीवर टाकू नयेत, ते खासगीत सन्मानाने नष्ट करावेत, असं संहिता सांगते. कापडी झेंडा फाटला, विटला तर तोही अखंड, खासगीत नष्ट करायचा, आणि त्यासाठी सुचवलेली पहिली पद्धत आहे जाळण्याची. इथे वाचक दचकतो: जाळणं हाच तर गुन्हा ना? गुन्हा आहे तो लोकांसमोर, अपमान म्हणून जाळणं. जीर्ण पोथी पायदळी येऊ नये म्हणून आपण तिचं विसर्जन करतो, तसंच हे. टेरेसवर, एका बाजूला, गाजावाजा न करता.

चढवण्या-उतरवण्याच्या वेगाबद्दलही नियम आहे: चढवताना झपाट्याने, उतरवताना सावकाश. आमच्याकडे संध्याकाळी झेंडा उतरवायला तिघंच असतात, सुभेदार काका, वॉचमन आणि कुणीतरी एखादं पोर. फोटो काढायला कुणी नसतं. काका दोरी हळूहळू सोडतात. पोराला एक टोक धरायला देतात, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडतात, मग दोन्ही बाजूंनी घडी घालत आणतात, शेवटी वर फक्त चक्र आणि त्याच्या कडेला दोन्ही रंगांच्या पट्ट्या दिसतात. मागच्या वर्षी पोराने विचारलं, "काका, आता सॅल्यूट नाही?" काका म्हणाले, "हात रिकामे कुठं आहेत?" आणि घडी दोन्ही तळव्यांवर घेऊन जिना चढू लागले.